वाचकांचे प्रश्न : रेड वाइनमध्ये वाणांचे मिश्रण

प्रश्न : फ्रान्समधील बोर्दोच्या रेड वाइनचा जगभर एवढा लौकिक असताना तेथील उत्पादक एकाच उत्तम वाणाची वाइन न करता तीन-चार वाण एकत्र का करतात? मिश्रण ही दर्जात केलेली तडजोड नव्हे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मिश्रण म्हटले की आपल्या मनात भेसळीची शंका येते, बोर्दोच्या बाबतीत मात्र ती पूर्णपणे अनाठायी आहे. तेथील मिश्रणाचे मूळ हवामानात आहे. अटलांटिक महासागर जवळ असल्यामुळे एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर हिमतुषार पडण्याची, जूनच्या फुलोऱ्यात पाऊस होऊन फुलगळ होण्याची आणि काढणीच्या तोंडावर पुन्हा पाऊस येण्याची भीती तेथे दरवर्षी असते. मर्लो हा वाण लवकर फुटतो आणि लवकर पिकतो. कॅबरने सोव्हिन्यॉ त्याच्यापेक्षा साधारण दोन आठवडे उशिरा तयार होतो. त्यामुळे वसंतातील थंडीने मर्लोचे नुकसान झाले तरी कॅबरने हाती लागतो, आणि ऑक्टोबरच्या पावसाने कॅबरने कच्चा राहिला तरी मर्लोचा माल तोवर आत आलेला असतो. जमिनीचाही यात वाटा आहे. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरील मेदोकची खडेगोट्यांची, लवकर तापणारी जमीन कॅबरनेला मानवते, तर उजव्या तीरावर पोमरोल आणि सँतेमिलियों येथील थंड, चिकण जमिनीत मर्लो अधिक चांगला पिकतो.

दुसरे कारण चवीचे आहे, आणि माझ्या मते आज तेच अधिक महत्त्वाचे आहे. कॅबरने सोव्हिन्यॉचे मणी लहान, सालीला जाड आणि बियांच्या मानाने कमी गराचे असतात. म्हणून त्याच्या वाइनला रंग गडद येतो, टॅनिन, म्हणजे तोंड कोरडे करणारा तुरट घटक, भरपूर असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते, पण कोवळी असताना तोंडात सुरुवातीला आणि शेवटी जाणवते व मध्ये पोकळ वाटते. ही पोकळी मर्लोचा मऊ, भरीव गर भरून काढतो. कॅबरने फ्रां हा तिसरा वाण सुगंध देतो. उशिरा पिकणारा पेती व्हर्दो दोन ते पाच टक्केच घालतात, पण तेवढ्यानेही रंग आणि मसालेदारपणा स्पष्ट वाढतो. हे वाण एकमेकांशी इतके जुळतात याचे आश्चर्य वाटायला नको, कारण पेती व्हर्दो सोडला तर ते एकाच घराण्यातले आहेत : कॅबरने सोव्हिन्यॉ हा कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यॉ ब्लां हा पांढरा वाण यांच्या संकरातून झाला, हे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी 1997 मध्ये जनुकीय तपासणीने दाखवून दिले, आणि मर्लोचाही एक जनक कॅबरने फ्रांच आहे. वाढत्या तापमानामुळे 2021 मध्ये मार्सलां, तुरिगा नासिओनाल, कास्ते आणि आरिनार्नोआ या आणखी चार लाल वाणांना तेथे मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली असून मिश्रणात त्यांचा वाटा दहा टक्क्यांपुढे नेता येत नाही.

प्रश्न : आम्ही काही बागायतदारांनी मिळून लहान वायनरी सुरू केली आहे. कॅबरने आणि शिराझ दोन्ही बागा आहेत. माल एकत्रच आंबवावा की वाइन झाल्यावर मिसळावी? प्रमाण कसे ठरवावे? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : वेगवेगळे आंबवावे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि शिराझ बहुधा कॅबरनेच्या आधी तयार होतो. दोन्ही एका दिवशी खुडायचे ठरवले, तर एकाची आम्लता उतरून गेलेली असते किंवा दुसऱ्याच्या बिया अजून हिरव्या असतात. शिवाय टाकीत एकदा एकत्र आंबवलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. फ्रान्समधील कोत-रोतीमध्ये सिरासोबत, म्हणजे आपल्या शिराझसोबत, व्हिओन्ये हा पांढरा वाण एकत्र आंबवण्याची परंपरा आहे आणि त्याने रंग स्थिर होण्यास मदत होते, हे खरे. परंतु तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा भाग आहे. आपण वाणांप्रमाणेच प्लॉटही वेगळे ठेवावेत, कारण एकाच वाणाच्या दोन प्लॉटांची वाइनही सारखी होत नाही.

प्रमाण कागदावर ठरत नाही, टेबलावर ठरते. शंभर मिलिलिटरचे मोजपात्र घ्यावे, म्हणजे एक मिलिलिटर बरोबर एक टक्का होतो. प्रथम 80-20, 70-30 आणि 60-40 अशी मिश्रणे करून ती एकसारख्या ग्लासांत, एकाच तापमानाला, नाव झाकून मांडावीत. त्याच रांगेत दोन्ही मूळ वाइन मिश्रणाविना ठेवाव्यात. पुष्कळदा त्यांतलीच एक सरस ठरते, आणि तसे झाले तर मिश्रणाचा मोह सोडून द्यावा. आवडलेल्या प्रमाणाच्या आजूबाजूला पुढची फेरी पाच-पाच टक्क्यांच्या फरकाने करावी, आणि निवडलेला नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी, जीभ ताजी असताना, पुन्हा चाखावा. आदल्या संध्याकाळी देखणे वाटलेले मिश्रण सकाळी बोथट वाटणे ही नित्याची गोष्ट आहे.

अल्कोहोलचा हिशेब सरळ आहे : 14 टक्क्यांची 700 लिटर आणि 12.5 टक्क्यांची 300 लिटर मिळून 13.55 टक्के होतात. पीएचचे, म्हणजे आम्लतेची तीव्रता दाखवणाऱ्या आकड्याचे, मात्र असे सरासरीने उत्तर काढता येत नाही. ते नमुन्यावर प्रत्यक्ष मोजावे लागते. त्याहून जपण्याची गोष्ट म्हणजे दोन्ही वाइनमधील मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर पूर्ण झाले आहे का, आणि साखर शिल्लक नाही ना, हे मिसळण्यापूर्वी तपासणे. एकीतले काम अर्धवट असेल तर ते बाटलीत पुन्हा सुरू होते, वायू तयार होतो आणि सगळा लॉट हातचा जातो. वेगवेगळ्या असताना स्वच्छ दिसणाऱ्या वाइन एकत्र आल्यावर खडे किंवा गढूळपणा धरू शकतात. म्हणून मिश्रणानंतर काही आठवडे टाकीत विसावा द्यावा आणि स्थिरतेची तपासणी त्यानंतरच करावी.

कॅबरने-शिराझ ही जोडी ऑस्ट्रेलियाने गाजवली असली, तरी एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला बळ देण्यासाठी रोन खोऱ्यातील एर्मिताजची, म्हणजे सिराचीच, वाइन घालत असत. आज बोर्दोच्या नियमांत सिराला स्थान नाही. आपल्यावर ते बंधन नाही.

प्रश्न : एका टाकीतील वाइनला सिरक्याचा वास येतो. चांगल्या वाइनमध्ये थोडी थोडी घालून ती संपवता येईल का? (एक उत्पादक, सांगली)

उत्तर : कृपया असे करू नये. असे केल्याने प्रयोगशाळेच्या अहवालातील सिरक्याच्या आम्लाचा आकडा खाली येईल, पण सिरका करणारे जिवाणू चांगल्या टाकीत जातील आणि नासलेल्या एका टाकीऐवजी दोन टाक्या दुबळ्या होतील. आम्लता कमी पडणे, रंग फिका असणे, टॅनिन रखरखीत असणे या उणिवा मिश्रणाने उत्तम रीतीने भरून निघतात, कारण त्या असमतोलाच्या उणिवा आहेत. सिरक्याचा वास हा बिघाड आहे. ती टाकी वेगळी काढावी, तिचे नळ आणि पंप स्वतंत्र धुवावेत, आणि शेजारच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या आहेत की नाही हे त्याच दिवशी पाहावे, कारण या जिवाणूंना हवा लागते आणि ती बहुधा अर्धवट भरलेल्या टाकीतूनच मिळते.