पीएचडीचा गाइड निवडताना एच-इंडेक्स आणि सायटेशन किती मनावर घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी झालीय, दोन गाइड तयार आहेत, एकाचा एच-इंडेक्स 42 आणि दुसऱ्याचा 17. मग 42 वाल्यांकडेच जावं का?

मी स्वतः सिंथेसिसमध्ये पीएचडी केली आहे. त्या अनुभवावरून सांगते, एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

एच-इंडेक्स ही हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडलेली कल्पना. 17 म्हणजे किमान 17 वेळा इतर पेपरांत उल्लेख, म्हणजे सायटेशन, झालेले 17 पेपर. एखाद्याचे तीनच पेपर असतील आणि प्रत्येकाला पाच हजार सायटेशन असतील, तरी त्याचा एच-इंडेक्स तीनच. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे तुमच्या दोन गाइडनी काम कधी सुरू केलं, हे आधी बघा.

आमच्या विषयात आणखी एक गोष्ट आहे. सायटेशन मिळतात ती मुख्यतः पद्धतीला. दोन कार्बनी तुकडे जोडणाऱ्या सुझुकी कपलिंगचे पहिले पेपर 1979 चे, आणि मियाउरा-सुझुकींचा 1995 चा आढावा लेख जगभर उद्धृत होतो, कारण औषध कंपनीपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळ्यांना ती रिअॅक्शन लागते. याउलट एखादा अवघड नैसर्गिक रेणू घडवायला पाच-सहा वर्षं जातात आणि हाती येतात एक-दोन पेपर. वुडवर्ड आणि एशेनमोझर या रसायनशास्त्रज्ञांनी सुमारे शंभर सहकाऱ्यांसह बी-12 जीवनसत्त्वाचं संश्लेषण 1972 मध्ये पूर्ण केलं, पण त्याचा सविस्तर प्रायोगिक पेपर कधीच छापून आला नाही. त्या कामाचं मोल कुठल्या प्रोफाइलवर दिसणार?

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते रसायनशास्त्रज्ञ कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्याबद्दल. 1930 च्या दशकात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात काम करताना त्यांनी एक रिअॅक्शन अभ्यासली: ऑर्थो-अॅसिलॉक्सी कीटोनवर बेस टाकला की अॅसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो, डायकीटोन मिळतो आणि पुढे आम्लाने त्यातून फ्लेवोन (वनस्पतींत सापडणाऱ्या रंगद्रव्यांच्या गटातला रेणू) तयार होतो. इंग्लंडमध्ये बेकर यांनीही त्याच सुमारास ती दाखवली, म्हणून ती बेकर-वेंकटरामन पुनर्रचना. हेच वेंकटरामन पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे) आणि 1957 पासून पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. आज फ्लेवोन बनवणारे कितीतरी जण 'बेकर-वेंकटरामनने केलं' एवढंच लिहितात, 1934 च्या मूळ पेपरचा संदर्भ देत नाहीत. शोध इतका सर्वांचा झाला की मोजणीतून गळला! मी पहिल्यांदा ती रिअॅक्शन लावली तेव्हा मीही तो पेपर उघडला नव्हता. नंतर मुद्दाम वाचला.

असंच फ्लॅश कॉलमचं, म्हणजे सिलिकातून दाबाने द्रावक ढकलून मिश्रणातली रसायनं वेगळी करण्याच्या पद्धतीचं. स्टिल, कान आणि मित्रा यांचा 1978 चा तीन पानी पेपर. सायटेशन भरपूर आहेत, पण रोज सिलिका भरून कॉलम लावणाऱ्यांपैकी तो उद्धृत करणारे मूठभरच.

तेव्हा तुम्ही काय करावं? दोन्ही गाइडचे गेल्या पाच वर्षांतले तीन-तीन मूळ संशोधनाचे पेपर घ्या. आढावा लेख बाजूला ठेवा, त्यांना सायटेशन जास्त मिळतातच. मग त्या पेपरना कोणी उद्धृत केलंय ते उघडून बघा. स्वतःच्याच ग्रुपने, की परक्या लॅबने? परक्यांनी प्रस्तावनेत दहा संदर्भांच्या गठ्ठ्यात नाव घातलंय, की प्रायोगिक भागात ती कृती खरोखर वापरलीय? माझ्या हिशेबी प्रायोगिक भागातला एक संदर्भ प्रस्तावनेतल्या पन्नासांपेक्षा मोठा. एकदा भरपूर सायटेशन असलेल्या एका पेपरची कृती मी चार वेळा लावली. छापलेलं यील्ड (हाती येणारं उत्पादन) 88 टक्के, मला 30 च्या वर कधी मिळालं नाही. दोन महिने गेले. 'ऑरगॅनिक सिंथेसेस' या नियतकालिकात कृती छापण्याआधी ती दुसऱ्या लॅबमध्ये करून तपासतात. तुमच्या गाइडची एखादी कृती तिथे असेल तर ती मोठी जमेची बाजू.

शेवटी दोन्ही लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलामुलींना भेटा. रिअॅक्शन फसली की सर किंवा मॅडम टीएलसी प्लेट (रिअॅक्शन कुठवर आली ते दाखवणारी छोटी पट्टी) बघायला बेंचवर येतात का, हे त्यांना विचारा. 17 वाल्यांकडे उत्तर 'हो' आलं, तर मी तिकडे जाईन.