रिपोर्टमधला तो ठळक आकडा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींमधलं एक एन्झाइम) ७८ आलं म्हणून तुम्हाला रात्रभर झोप नाही, कळतंय मला. माझा तर कागद घड्या घालून घालून फाटायला आला होता. पण साधारण ४०च्या वरचा आकडा म्हणजे लिव्हर निकामी, असं नाही हो. लिव्हरच्या पेशींना त्रास होतोय, एवढंच तो सांगतो. एसजीओटी हे त्याच रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम तर जड व्यायामानंतर स्नायूंमुळेही वाढतं. लिव्हर काम कसं करतंय हे बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) या चाचण्यांवरून जास्त कळतं. डॉक्टरांना प्रत्येक गोळी, वनौषधी, पावडर लिहून दाखवा. मी एक चूर्ण सांगायचं विसरले आणि दोन महिने उगाच चाचण्यांत गेले. दारू तोवर पूर्ण बंद. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.