रेल्वे पसरली म्हणून शोध आणि पेटंटं वाढली का?

पेटंटं वाढली, त्यात वाद नाही. पण पेटंटं मोजून ‘शोध वाढले’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. अमेरिकेतलं डबे जोडायचं कपलिंगच घ्या.

आधी कडी आणि पिन होती. ब्रेकमनने दोन डब्यांच्या मध्ये उभं राहायचं, सरकत येणाऱ्या डब्याच्या तोंडात कडी हाताने घालायची आणि वरून पिन सोडायची. जरा चुकलं की बोटं गेली. त्यातच एका कंपनीचे डबे दुसरीच्या रुळांवर जाऊ लागले. मग जो तो कपलरचं पेटंट काढत सुटला, हजारोंनी. बहुतेक सगळी रद्दी! शेजारच्या डब्याला जुळत नसेल तर कितीही हुशार कपलर म्हणजे नुसतं लोखंड.

ईलाय जॅनी हा व्हर्जिनियातल्या दुकानातला कारकून. त्याचं पेटंट 1873 चं. अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा तुकडा, रेल्वेवाले त्याला नकल म्हणतात. डबे आदळले की नकल मिटतं आणि आतलं कुलूप पडतं. सोडताना बाजूच्या दांड्याने कुलूप उचलायचं, मध्ये शिरायचं नाही. मात्र दोन्ही कपलरची उंची जुळायला हवी, नाहीतर हिसक्यात एक दुसऱ्यावरून निसटतो. बदलाच्या काळात जुनी कडीही बसावी म्हणून नकलला खाच आणि भोक ठेवत. तुटायचं ते तिथेच.

1888 मध्ये मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनने, म्हणजे रेल्वे डब्यांच्या बांधणीचं काम पाहणाऱ्यांच्या संघटनेने, हा आकार प्रमाण मानला, कारण जॅनीने बाहेरच्या आकारावरचा हक्क सोडला. म्हणजे कपलर पसरला तो पेटंटाचा मोक्याचा भाग सोडल्यामुळे. हे ऐकून पेटंटवाले चिडतात. चिडू देत. 1893 च्या कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचा केला. तोवर इतर कारखानदार बाह्य आकार तोच ठेवून आतल्या कुलपांची पेटंटं काढत होते.

हां, बाजारपेठ जवळ आली की पेटंटं वाढतात हे खरं. केनेथ सोकोलॉफ या अर्थइतिहासकाराने 1988 मध्ये 1790 ते 1846 च्या अमेरिकी पेटंटांवरून ते दाखवलं, पण तिथे बाजाराची वाट होती नद्या-कालव्यांची, रेल्वेची नव्हे.

आपल्या मालगाडीच्या वाघिणींचं सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर, याच घराण्यातलं. दोन्ही नकल मिटलेली असताना शंटिंगला धडक दिली, तर आजही जुळत नाहीत. एक तरी उघडं ठेवावंच लागतं.