आयकॉन कंपोनंट : वाचकांचे प्रश्न

मंगल कार्यालयाच्या बुकिंगची साइट करतोय. आयकॉनच्या कंपोनंटला (पुन्हापुन्हा वापरायच्या कोडच्या तुकड्याला) रंग दिला तरी चिन्ह काळंच राहतं. (सातपूर)

चिन्हाची एसव्हीजी फाइल (रेघा-आकार कोडमध्ये लिहिलेलं चित्र) उघडून बघा. डिझायनरकडून आलेल्या फाइलमध्ये बहुधा प्रत्येक पाथवर (आकारावर) फिल (आतला भराव) किंवा स्ट्रोकचा (रेघेचा) पक्का रंग लिहिलेला असतो. तिथे 'करंटकलर' घाला. चिन्ह शेजारच्या अक्षरांचा रंग उचलेल, होव्हरलासुद्धा (माउस वर नेला की). 'फिल'ला 'नन' (भराव नाही) असेल तिथे हात लावू नका, नाहीतर रेघांच्या चिन्हाचा ठोकळा होतो. इमेज टॅगमधून आणलेल्या चिन्हाला यातलं काहीच लागू नाही, कारण पानाचा रंग त्याच्या आत पोचत नाही.

द्राक्ष बागायतदारांच्या ॲपमध्ये 24 पिक्सेलचं चिन्ह 40 केलं, तर चौकट वाढते, चित्र कोपऱ्यातच राहतं. मोबाइलवर तर ते आक्रसतं. (पंचवटी)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात व्ह्यूबॉक्स, म्हणजे फाइलमधली चित्राची मूळ मापं, गळालाय. फाइल हलकी करणारी काही साधनं तो परस्पर काढून टाकतात. '0 0 24 24' परत लिहा आणि साधनाच्या सेटिंगमध्ये ते काढणं बंद करा.

दुसऱ्यात दोष फ्लेक्सचा, म्हणजे वस्तू ओळीत मांडणाऱ्या सीएसएसच्या पद्धतीचा. 'छाटणीचं वेळापत्रक'सारखं लांब लेबल आलं की जागेसाठी चिन्हाचाच बळी जातो. कंपोनंटच्या मूळ स्टाइलमध्येच फ्लेक्स-श्रिंक 0 ठेवा, म्हणजे ते आक्रसणार नाही. रुंदी-उंची पिक्सेलऐवजी 1 ईएम (फॉन्टच्या आकाराइतकी) दिलीत, तर चिन्ह फॉन्टबरोबर लहानमोठं होईल. ओळीत बसवायला व्हर्टिकल-अलाइन (वरखाली सरकवणं) उणे 0.125 ईएम हा नेहमीचा आकडा. पण तो रोमन अक्षरांवर शोभतो. देवनागरीत शिरोरेषेकडे बघून डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं साधन) चिन्हाच्या बटणावरचं 'हटवा' दोनदा वाचतो. (इंदिरानगर)

शेजारी शब्द आहे ना? मग चिन्हावर 'एरिया-हिडन' ट्रू करा, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळेल, आणि कंपोनंटचा डिफॉल्टही तोच ठेवा. नुसत्या चिन्हाचं बटण असेल तर एरिया-लेबल (वाचून दाखवायचं नाव) बटणावर द्या, चिन्हावर नको. बोट पडायला किमान 24 बाय 24 पिक्सेल जागा हवी. ती पॅडिंगनं (भोवतीच्या मोकळ्या जागेनं) वाढवा, चिन्ह फुगवून नव्हे.

एका टॅबमधलं चिन्ह लपवलं की दुसऱ्या टॅबमधल्या त्याच चिन्हाचा ग्रेडियंट (एकमेकांत मिसळत जाणारे रंग) उडतो! (नाशिकरोड)

दोन्हींच्या ग्रेडियंटला एकच आयडी (कोडमधलं ओळखीचं नाव) आहे. ब्राउझर पानावरचा पहिला आयडी धरतो. तो 'डिस्प्ले नन'मध्ये (लपवलेल्या भागात) गेला की दुसऱ्याचा रंगही जातो. रिॲक्ट (कंपोनंट बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल तर 18 व्या आवृत्तीपासून वेगळे आयडी देणारं 'यूजआयडी' आहे, त्यातून प्रत्येक चिन्हाला वेगळा आयडी द्या. खरं तर बटणांवरच्या चिन्हांना ग्रेडियंट हवाच कशाला?