काउंटरची रांग आणि महिनाअखेरचे रिपोर्ट

प्रश्न: परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघते. डेटाबेस पोस्टग्रेस, रॅम 16 जीबी, त्यातली 4 शेअर्ड बफर्सना (डेटाबेसच्या सामाईक साठ्याला). रिपोर्ट लवकर निघावेत म्हणून वर्क मेम (कामासाठीच्या मेमरीची मर्यादा) 4 एमबीवरून 256 केला. आता महिनाअखेरीला अकाउंट्सचे चौघं सकाळीच रिपोर्ट लावतात आणि काउंटरवर पावती अडकते. उपाशीपोटी आलेले पेशंट ताटकळतात. रॅम वाढवू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, रॅम आत्ता घेऊ नका. तो 256 चा आकडा माणशी नाही, क्वेरीमागेही (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नामागे) नाही. क्वेरीतल्या एकेका सॉर्टमागे, म्हणजे नोंदी क्रमाने लावण्याच्या कामामागे, आहे. शिवाय पॅरलल वर्कर (क्वेरीच्या मदतीला येणाऱ्या जादा प्रोसेस) आपापला वाटा वेगळा घेतात. रिपोर्टमध्ये चार सॉर्ट धरा, मूळ प्रोसेस आणि दोन वर्कर: 4 × 3 × 256, म्हणजे 3 जीबीपर्यंत. चौघांचे 12. त्यात बफर्सचे 4 मिळवा. काउंटरला उरलं काय?

लोकलमध्ये टोपल्यांसाठी लगेजचा डबा असतो. टोपली दारात अडली की बाकीच्यांना चढता येत नाही, म्हणून. रिपोर्टलाही तसा डबा द्या. सर्वांसाठीचा वर्क मेम परत 4 वर आणा. अकाउंट्ससाठी निराळा रोल (लॉगिनचं खातं) काढा. फक्त त्याला वर्क मेम 64, पॅरलल वर्कर शून्य आणि कनेक्शनची मर्यादा 2. मग दोन्ही रिपोर्ट मिळून अर्ध्या जीबीत बसतात. सॉर्ट मावला नाही तर डिस्कवर जाईल, रिपोर्टला वेळ लागेल. लागू द्या. रक्त द्यायला आलेल्या आजींपेक्षा ताळेबंदाची घाई मोठी नाही.

स्टेटमेंट टाइमआउटही (ठरल्या वेळेत न संपलेली क्वेरी तोडणारी मर्यादा) त्याच रोलपुरता ठेवा. मी एकदा तो सगळ्यांना लावला आणि रात्रीचं हिशेब जुळवणीचं काम अर्ध्यात तुटलं. सकाळी आकडे जुळवताना माझ्या सहकाऱ्यांचे फार हाल झाले.

एक गोष्ट नक्की तपासा: अकाउंट्सवाले सुपरयुजरने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) तर लॉगिन करत नाहीत ना? सुपरयुजरला कनेक्शनची मर्यादा लागूच होत नाही. आणि रोलचं सेटिंग नव्या लॉगिनलाच लागतं, तेव्हा जुनी सेशन्स बंद करून घ्या.

सीपीयूचा वाटा रोलनुसार ठरवायची सोय पोस्टग्रेसमध्ये नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी 2008 पासून रिसोर्स गव्हर्नर आहे, इथे नाही. म्हणून अकाउंट्सवाल्यांशी बोलाच. तिसऱ्याला लॉगिन नाकारलं जाईल, हे त्यांना आधी सांगा, आणि दुपारी काउंटर रिकामा झाल्यावर रिपोर्ट लावायला सांगा.