रॅम बसली, पण मशीन उठेना

प्रश्न : मी वाईचा, निवृत्त शिक्षक. नातीच्या अभ्यासासाठी मागच्या दिवाळीत एक छोटा सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. जाड वहीएवढा डबा, आत चौथ्या पिढीचा आय5 प्रोसेसर आणि 4 जीबी रॅम. चार-पाच टॅब उघडले की अडखळायचा, म्हणून ऑनलाइन 8 जीबीची रॅम मागवली. रिकाम्या स्लॉटमध्ये ती नीट बसली, दोन्ही क्लिपा लागल्या. पण चालू केलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. नवी एकटी लावली तरी तेच. जुनी एकटी लावली की मशीन सुरू. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला. दोन्ही रॅमचे फोटो पाठवतो आहे.

उत्तर : सर, मदरबोर्डावर एक रुपयासुद्धा खर्च करू नका. जुनी रॅम लावल्यावर मशीन उठतंय, म्हणजे बोर्ड जिवंत आहे. एवढी साधी गोष्ट न तपासता माणसाला नवा बोर्ड घ्यायला सांगतात, याचा मला फार राग येतो.

तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. जुन्या रॅमच्या लेबलवर आहे ‘पीसी3एल-12800एस’. नवीवर आहे ‘पीसी3-12800एस’. सगळा घोळ त्या एका ‘एल’चा आहे.

12800 हा आकडा वेगाचा. सेकंदाला 1600 दशलक्ष खेपा, दर खेपेला 8 बाइट; 1600 ला 8 ने गुणलं की तो येतो, म्हणजे दोन्ही रॅम 1600 च्याच. शेवटचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपच्या मापाची आखूड रॅम, या छोट्या डब्यांत तीच लागते. हे दोन्ही तुम्ही बरोबर जुळवलंत. पण ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज. साधी डीडीआर3 (तुमच्या दोन्ही रॅमची पिढी) चालते 1.5 व्होल्टवर, ‘एल’वाली 1.35 वर. तुमच्या मापाचे बरेच छोटे डबे रॅमला 1.35 व्होल्टच देतात, वर जातच नाहीत. ‘एल’वाली रॅम 1.5 वरही चालते, पण साधी रॅम 1.35 वर चालेलच याची हमी नाही. दोन्हींना 204 पिना, दोन्हींचा मधला कट एकाच जागी. म्हणून ती बसते, क्लिपाही लागतात आणि माणूस फसतो. त्या जागी पुढच्या पिढीची डीडीआर4 असती तर कट जुळलाच नसता, पिनाही 260 निघाल्या असत्या आणि तुम्ही तिथेच थांबला असता.

परत पाठवण्याआधी एक करून पाहा. जुनी रॅम त्या दुसऱ्या, आजवर रिकाम्या असलेल्या स्लॉटमध्ये एकटी लावा. मशीन सुरू झालं तर स्लॉटही ठीक. (अडॅप्टर काढायचा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं, धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावायचा, मगच रॅमला हात.) मग विक्रेत्याला कळवताना ‘खराब निघाली’ असं लिहू नका, ‘माझ्या मशीनला जुळत नाही’ असं लिहा. ती रॅम खराब नाही. कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपात ती छान चालेल.

नवी मागवताना डब्याच्या बुडाशी असलेला मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून रॅमचं पान वाचा. तुमच्यासाठी 8 जीबी, ‘पीसी3एल-12800एस’. स्वस्त दिसली म्हणून 16 जीबीची एकच मोठी रॅम घेऊ नका, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला एका स्टिकमध्ये (रॅमच्या एका पट्टीत) 8 च्या वर पेलत नाही. जुनी 4 आणि नवी 8 एकत्र चालतात. दोन्हींतले चार-चार जीबी जोडीने धावतात, उरलेले चार एकटे. नातीच्या अभ्यासाला ते भरपूर.

आणखी एक. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 नंतर थांबले आणि तुमच्या प्रोसेसरला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. रॅम आली की मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून घ्या. मराठी टायपिंगही त्यात नीट होतं.

प्रश्न : सावंतवाडीत आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानातल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये 8 जीबी डीडीआर4 होती, शेजारी दुसऱ्या कंपनीची आणखी 8 लावली. आठवडाभर छान चाललं. मग मध्येच निळी स्क्रीन यायला लागली. पेनड्राइव्हवर दिलेले फोटो गिऱ्हाइकाकडे अर्धे करडे दिसतात, झिप फाइल उघडत नाहीत. व्हायरस म्हणून दोनदा विंडोज टाकून झालं. फरक नाही.

उत्तर : ताई, आधी त्या मशीनवरचं काम थांबवा आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याला लावलेली असेल तर काढून ठेवा. चाचण्या नंतर करू. रॅम बिघडलेली असेल तर त्या मशीनमधून जाणारी प्रत्येक फाइल वाटेत बिघडू शकते, आणि बिघडलेली फाइल चांगल्या बॅकअपवर चढली की परत मिळत नाही.

हे मी इतक्या घाईने का सांगते, ते ऐका. माझं दुरुस्तीचं दुकान चिपळूणला. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा संगणक आला. तक्रार अशी की एका शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर 13 लिटर आणि संगणकात 17. दुसऱ्याचेही 3 चे 7 झालेले. नोंदी करणाऱ्या मुलावर संशय गेला होता, त्याला कामावरून काढायचं चाललं होतं. मी त्या नोंदी बघत बसले. चुकलेल्या प्रत्येक ठिकाणी आकडा बरोबर 4 ने वाढलेला : 3 चा 7, 1 चा 5, 2 चा 6. माणूस घाईत असं चुकत नाही, त्याचे आकडे वाटेल तसे चुकतात. संगणकात 3 हा आकडा लिहितात 00110011 असा आणि 7 लिहितात 00110111. दोन्हींत फरक एका बिटाचा, म्हणजे 0-1 च्या एका घराचा. रॅममधलं एक घर तापलं की 1 च सांगत होतं आणि तिथून जाणारा 3 पलीकडे 7 होऊन निघत होता. चाचणी लावली, पहिल्या फेरीत काही नाही. दुपारी दुकान तापलं तेव्हा तिसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या. संस्थेतही तो डबा बंद कपाटात असायचा, तिथे तो तापणारच. चाचणीचा फोटो घेऊन मी स्वतः संस्थेत गेले आणि त्या मुलासमोर सगळं समजावून सांगितलं. तो काही बोलला नाही. नुसता पावत्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसला होता.

आता तुमचं मशीन. मेमटेस्ट86+ नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन त्यावरून सुरू करा. (ते जमलं नाही तर विंडोजचीही स्वतःची मेमरी चाचणी आहे, पण मी तिच्यावर तेवढा भरवसा ठेवत नाही.) आधी दोन्ही रॅम लावून रात्रभर चालू द्या. एक फेरी बिनचूक गेली म्हणून थांबू नका, दूध संस्थेचं काय झालं ते वर सांगितलंच. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. ‘लाखात एखादी चालते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

चूक निघाली की एकेक रॅम एकटी तपासा, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या. चूक रॅमबरोबर फिरली तर रॅम खराब. चूक स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा क्वचित प्रोसेसर. आणि दोन्ही रॅम एकेकट्या बिनचूक, एकत्र लावल्या की मात्र बिघाड, असं निघालं तर दोघींचं आपसात जुळत नाही. तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) तशी सोय असेल तर वेग एक पायरी खाली आणून पाहा. बऱ्याच छोट्या डब्यांत ती सोय नसते. मग सरळ एकाच कंपनीची, एकाच लेबलची जोडी घ्यायची. मी तर गिऱ्हाइकाला पहिल्यापासून जोडीच घ्या म्हणते, थोडे पैसे जास्त गेले तरी.

तुम्ही कोकणातल्या, म्हणून हेही सांगते. चाचणीआधी रॅमच्या सोनेरी पिना उजेडात तिरप्या धरून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर काळपट थर चढतो. ‘रबरने घासून लाव’ हे दुकानादुकानांत सांगतात. ते खोटं नाही, पण मऊ पांढरा खोडरबर घ्यायचा, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा आणि त्याचा एकही कण स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापड मिळालं तर उत्तम. 22 जुलै 2021 ला आमच्या गावात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर महिनाभर माझ्या टेबलावर चिखलातून काढलेले डबे होते. गेल्या म्हणून बाजूला टाकलेल्या किती तरी रॅम निव्वळ नीट धुऊन, सुकवून आणि पिना पुसून परत चालल्या. कचऱ्यात टाकण्याआधी पुसून बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

आणि विंडोज तिसऱ्यांदा टाकायचं असेल तर रॅम बिनचूक ठरल्यावरच टाका. वाईट रॅमवर टाकलेलं विंडोज पहिल्या दिवसापासून बिघडलेलंच असतं. तुमच्या आधीच्या दोन्ही खेपा बहुधा अशाच वाया गेल्या.

प्रश्न : बेळगावहून लिहितो. 4 ची 8 जीबी केली, पण संगणक ‘वापरण्याजोगी 3.4 जीबी’ असंच दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : नाही, दुकानदार निर्दोष आहे. बायोसमध्ये जाऊन पाहा, तिथे 8 दिसेल. तुमचं विंडोज 32 बिटचं आहे, ते 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही आणि त्यातलाही काही भाग इतर हार्डवेअरच्या पत्त्यांत जातो. फाइल बाहेर काढून घ्या आणि 64 बिटचं विंडोज नव्याने टाका. त्यानंतरही थोडी कमी दिसेल, कारण बोर्डवरचं ग्राफिक्स आपला वाटा रॅममधूनच घेतं. 64 बिट असूनही निम्मीच दिसत असेल, तर मात्र एक स्टिक नीट बसलेली नाही असं समजा आणि काढून पुन्हा बसवा.

प्रश्न : 2025 च्या अखेरीपासून रॅम महागली म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून 16 जीबी डीडीआर4 जुनी पण फार स्वस्त मिळाली. माझ्या उभ्या छोट्या कॅबिनेटमध्ये लांब रॅम लागते, ही बसलीही. पण मशीन नुसतं बीप-बीप करतं. लेबलवर ‘2आरएक्स4 पीसी4-2400टी-आर’ असं काहीतरी आहे. — एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : शेवटचा ‘आर’ बघ. ही सर्व्हरची, रजिस्टर्ड रॅम. हिलाही 288 पिना आणि कटही त्याच जागी, म्हणून बसली. पण घरगुती डेस्कटॉपचा बोर्ड हिच्याशी बोलूच शकत नाही. कुठलंही सेटिंग बदलून ती चालणार नाही, त्यात वेळ घालवू नकोस. तुला त्या जागी ‘यू’ हवा, म्हणजे साधी घरगुती रॅम. लेबलच्या सुरुवातीचा ‘2आरएक्स4’ही खूणच आहे : घरगुती रॅमवर तिथे ‘एक्स8’ किंवा ‘एक्स16’ असतं, ‘एक्स4’ दिसली की ती सर्व्हरची. बोर्ड बिघडलेला नसणार, जुनी रॅम लावून खात्री करून घे. मग याच आठवड्यात बिल घेऊन जा आणि बदलून माग. समोर लेबल वाचून, ‘यू’ बघून, जमलं तर दुकानातच मशीनला लावून घे.