आजोबांच्या निगेटिव्ह की फोनमधले फोटो: नातवंडांपर्यंत काय पोचेल?

तुमच्या घरी आजोबांच्या कृष्णधवल निगेटिव्ह आहेत, ऐंशीच्या दशकातले रंगीत रोल आहेत आणि फोनमध्ये हजारो फोटो. पुढच्या पिढ्यांसाठी फिल्म भरवशाची की डिजिटल, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावजवळच्या खानापूरचा, आसपासच्या घरांतल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देतो. त्यावरून सांगतो.

एकच प्रत असेल तर कृष्णधवल निगेटिव्हइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. तिच्यातलं चित्र म्हणजे जिलेटिनच्या थरातली चांदी. धुताना हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायला वापरतात ते रसायन, नीट निघालेला असेल तर शंभर वर्षं टिकते. रंगीत फिल्ममध्ये धुतानाच चांदी काढून टाकतात, उरतात ते नुसते रंग, आणि ते कपाटात अंधारात ठेवले तरी उडतात. त्या काळातले लग्नाचे फोटो आज लालसर दिसतात ते त्यामुळेच. म्हणून आधी रंगीत रोल स्कॅन करा, आजोबांच्या निगेटिव्ह थोड्या थांबू शकतात.

पण हा शंभर वर्षांचा हिशेब थंड, कोरड्या जागेचा आहे. आपल्याकडे, त्यातून जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळाभर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य. एखादी पट्टी कडेला धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघा. चेहऱ्यांवरून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे गेलेले दिसले तर ती बुरशी. ओल्या फडक्यानं मुळीच पुसू नका! बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि धाग्यांबरोबर चेहराही जातो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पायाच कुजायला लागलाय. तो वास शेजारच्या चांगल्या पट्ट्याही बिघडवतो. त्या पट्ट्या त्याच दिवशी वेगळ्या काढा आणि सगळ्यांच्या आधी स्कॅन करा.

फिल्मची खरी अडचण मात्र वेगळीच आहे: ती एकाच घरात असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेचं पाणी निपाणी-चिकोडीकडच्या गावांत शिरलं. अशा पुरात ट्रंकेतला अल्बम गेला की गेला. पुण्यात २००३ साली आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या) जळाल्या. तिथे तर सांभाळायला माणसं होती.

डिजिटलचं बळ इथेच आहे. दुसरी प्रत पहिलीइतकीच अस्सल असते आणि ती पुण्याच्या आत्याकडे किंवा कोल्हापूरच्या मामाकडे ठेवता येते. पण तिला राखणदार लागतो. घरी लिहिलेल्या सीडीचा थर खराब होतो, पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातला मजकूर पुसट होत जातो, हार्ड डिस्क एक दिवस सुरूच होत नाही. निगेटिव्ह विसरून गेलात तरी बरीच वर्षं तग धरते, फाइल तेवढी धरत नाही.

म्हणून माझं मत: निगेटिव्ह टाकू नका आणि स्कॅनही करा. पस्तीस मिलिमीटरच्या पट्ट्या ३००० डीपीआयच्या (इंचाला ३००० ठिपके) आसपास, टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये. दोन हार्ड डिस्क, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे, शिवाय एक प्रत क्लाउडवर. दर दिवाळीला दोन्ही डिस्क लावून थोड्या फाइल उघडून बघा आणि चार-पाच वर्षांनी डिस्क बदला. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ प्रत म्हणून ठेवू नका, तो आकसलेला असतो. निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून साध्या आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाला, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती मिरगाच्या आधी बदला. फोनमधले घरच्यांचे निवडक फोटो दरवर्षी कागदावर छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. कोण आजीची बहीण आणि कोण शेजारीण, हे कुठलाच स्कॅनर सांगत नाही.